चौकटीवरची तीन अक्षरं

मित्रांनो, जुना तर मी झालोच आहे, पण त्याहून जास्त दमलो आहे. मी मुलींच्या शाळेतला गुणगौरवाचा फलक. दरवर्षी मॅट्रिकला जी मुलगी शाळेत पहिली येईल तिचं नाव सोनेरी रंगात अंगावर मिरवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? सत्तर वर्षं भिंतीला पाठ लावून उभं राहून बघा, मग बोला. आला-गेला मान वर करून बघणार, बोटानं ओळी मोजणार, "अगं बाई, केवढी ही धूळ!" म्हणणार आणि पुढं जाणार. फडका आणायला मात्र कुणाचा हात हलायचा नाही. असो. तक्रार करत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल.

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी झाला. आज तुम्ही ज्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणता, त्याला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणायचे. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, आणि मुलींसाठी मराठी शाळा निघाली म्हणून लोक तोंडावर कौतुक करायचे आणि पाठीमागं कुजबुजायचे. शाळा म्हणजे एका घराच्या चार खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मुख्याध्यापिका होत्या द्वारकाबाई. नऊवारी पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि चाल अशी की समोरचा माणूस आपसूक बाजूला व्हायचा. घरोघर जाऊन त्यांनी मुली गोळा केल्या होत्या. पहिल्या साली मॅट्रिकला तिघी बसल्या आणि एक पास झाली. एकच! पण निकाल लागला त्याच दिवशी बाईंनी रामकिसन सुताराला बोलावणं धाडलं.

"फलक करायचाय, रामकिसन. चांगला मोठा कर."

"एका नावासाठी व्हय, बाई?" रामकिसननं डोकं खाजवलं.

"पन्नास नावांसाठी. एक आज लिहू. बाकीच्या येतील मागून."

मग रामकिसननं सागवान निवडलं, कापलं, रंधलं. त्या रंध्याची आठवण आजही अंगावर काटा आणते. मधल्या फळीला त्यानं काळा तेलरंग दिला. भोवतीची चौकट मात्र चार बोटं रुंद ठेवली आणि तिला नुसतं जवसाचं तेल पाजलं. लाकडाचा मूळचा रंग दिसू दे, असं म्हणाला. पडवीत पाण्याच्या माठावर मला टांगलं. माठावर होतो म्हणून तर शाळेतली एकूण एक गोष्ट मला कळली, कारण मुली अभ्यास वर्गात करायच्या आणि मन मोकळं करायच्या माठाशी.

नावं लिहायला छावणीच्या बाजारातून फकिरा पेंटर यायचा. मोठा गप्पिष्ट माणूस. "पोलीस ॲक्शन हुई और अपना नसीब खुल गया, बाई. आख्ख्या गावाच्या पाट्या नव्यानं लिवायला लागल्या," असं म्हणत म्हणत तो स्टुलावर चढायचा, आणि ब्रश टेकला रे टेकला की अगदी गप्प व्हायचा. श्वास रोखून अक्षर काढायचा. वर्षाकाठी माझ्या नशिबी तेवढाच काय तो थाट होता.

आणि दगडाबाई. ती शाळेची शिपाईबाई. घंटा वाजवायची, माठ भरायची, लांबच्या मुलींना घरापर्यंत पोचवायची. दर शनिवारी शाळा सुटली की ओला फडका घेऊन मला पुसायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कितवी ओळ कुणाची हे तोंडपाठ. "ही दुसरी ओळ म्हंजी ती घाऱ्या डोळ्यांची. लई रडकी होती, पन आली पहिली," असं माझ्याशी बोलत बोलत पुसायची. तिच्या हाताला मी सरावलो होतो.

आता अंबिकेचं सांगतो. अंबिका सोयगावकडची. बाप सांडू गव्हाणे, स्वतःची थोडी शेती राखून असलेला, अबोल माणूस. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यानं तिला शहरात मावशीकडं शिकायला ठेवली. गावानं नावं ठेवली, ती त्यानं ऐकून घेतली. तो पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा अंबिका आठवीत होती. बाईंना भेटून झाल्यावर तिनं त्याला माठावर पाणी पाजलं आणि मला दाखवलं.

"बाबा, जी पहिली येती तिचं नाव हितं लिवतात."

सांडूनं फेटा सावरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुझं नाव आलं तर मला कसं कळंल गं? मला समदं सारखंच दिसतं. मुंग्या चालल्यावानी."

त्याचा दोष नव्हता हो. त्याच्या लहानपणी जवळच्या शाळेत सगळं उर्दूतून चालायचं. चार दिवस जाऊन बसला, एक अक्षर कळलं नाही, तो पळून गुरांमागं गेला तो गेलाच. अंबिका हसली आणि म्हणाली, "मी शिकवते ना तुम्हाला माझं नाव. एका सुट्टीला एक अक्षर."

आणि खरंच शिकवलं तिनं. एका दिवाळीत 'अं', पुढच्या उन्हाळ्यात 'बि', त्या पुढच्या दिवाळीत 'का'. घराच्या भिंतीवर कोळशानं. सुट्टीवरून आली की माठाशी मैत्रिणींना सांगायची, "माझ्या बाबाचा 'बि' पोट फुगलेल्या रेडकावानी येतो," आणि हसून हसून तिच्या हातातलं पाणी सांडायचं. सणाला घर सारवलं की अक्षरं जायची, आणि सांडू पुन्हा कोळसा घेऊन बसायचा. दुसरं एक अक्षर शिकायला मात्र तयार नव्हता. "मला तेवढंच वाचायचंय," म्हणायचा.

अंबिका दहावीत असताना स्नेहसंमेलनात तिनं भाषण केलं. पहिल्या रांगेत शाळेच्या समितीतले काकासाहेब वाघचौरे बसले होते. मोठी जमीन, शहरात घर, समाजात शब्दाला वजन. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या शब्दावर दहा-बारा घरांनी आपल्या मुली शाळेत घातल्या होत्या. भाषण ऐकून त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, ही आपली सून. मुलगा सदाशिव कॉलेजात होता. सोयगावला निरोप गेला, आणि सांडूचे पाय जमिनीला लागेनात. एवढं मोठं घर आपणहून दारी आलेलं! द्वारकाबाईंनी मात्र काकासाहेबांना ठणकावलं, "अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा होऊ द्या, मग खुशाल नेऊन लग्न लावा." त्यांनी ते ऐकलं. वर्षभर थांबले. मार्चात परीक्षा झाली आणि वैशाखात लग्न.

निकाल लागला तेव्हा अंबिका सासरी होती. शाळेत पहिली! त्या साली शाळेच्या नऊ मुली पास झाल्या. बाईंनी पंधरा ऑगस्टला सत्कार ठरवला आणि सांडूला पत्र टाकलं, 'आपल्या मुलीचे नाव फलकावर लागत आहे, अवश्य यावे.'

सत्काराच्या आदल्या दिवशी फकिरा स्टुलावर चढला, रंग ढवळला आणि विचारलं, "नाव काय टाकू, बाई?"

"अंबिका सांडू गव्हाणे," बाई म्हणाल्या. एवढ्यात काकासाहेब मांडवाची व्यवस्था बघायला आले.

"असं कसं, बाई? ती आता गव्हाण्यांची कुठं राहिली?" ते हसत म्हणाले. "आणि अंबिकाही नाही. आम्ही नाव बदललं ना लग्नात. प्रमोदिनी."

मित्रांनो, लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत तुम्हाला ठाऊक असेल. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि जुनं तिथंच संपतं. वाघचौऱ्यांकडं तर बदलणं भागच होतं, कारण सासूचंच नाव अंबिकाबाई. सुनेला सासूच्या नावानं हाक कोण मारणार?

"पण शाळेच्या रजिस्टरला..." बाई अडखळल्या.

"रजिस्टर कपाटात असतं, बाई. फलक चारचौघांत असतो. इथं अंबिका लिहिलं तर लोक म्हणतील, वाघचौऱ्यांची म्हातारी मॅट्रिक झाली!" स्वतःच्याच बोलण्यावर ते खो खो हसले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या सुनेचं नाव शाळेत लागलंय, हे दिसलं की आणखी चार घरं मुली पाठवतील. तुम्हालाच हवंय ना ते?"

बाईंनी फकिराकडं बघून मान हलवली. मी त्यांना ओळखत होतो. कलेक्टरसमोर न दबणारी बाई, पण मुलींच्या पटसंख्येपुढं दरवेळी पाघळायची. शिवाय त्यांना वाटलं, यात मुलीचा मानच आहे. सांडूची तीन अक्षरं त्यांना माहीत नव्हती. मला माहीत होती, पण मी लाकूड. फकिरानं श्वास रोखला आणि लिहिलं, 'सौ. प्रमोदिनी सदाशिव वाघचौरे'. इतकी सुरेख अक्षरं त्यानं आधी कधी काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी सांडू आला. कोरं धोतर, नवा फेटा. आदल्या संध्याकाळीच अंबिकेच्या मावशीकडं येऊन राहिला होता. दगडाबाई दाराला तोरण बांधत होती. तो तिला काही न विचारता सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं बोट वर केलं. मला शिवला नाही, हवेतूनच ओळीवरून बोट फिरवलं. शेवटची ओळ. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. मग पहिल्यापासून पुन्हा.

"बाई, माझ्या लेकीचं नाव कुठंशी हाय?"

"ही काय, शेवटची वळ. वला रंग दिसत नाय का?" दगडाबाई तोऱ्यात म्हणाली.

"हे नाय."

"नाय कसं? कालच लिवलंय माझ्यासमोर."

"बाई, हे नाय. ह्याच्यात 'अं' नाय."

"तुमाला वाचता येतं?"

"तेवढं येतं," सांडू म्हणाला.

एकाला तीन अक्षरं येत होती आणि दुसरीला एकही नाही. दोघं माझ्यासमोर वाद घालत राहिले. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या, मागोमाग काकासाहेब आणि घरची मंडळी आली. अंबिका होती, डोक्यावरून पदर, सासूच्या एक पाऊल मागं. बापाला बघून तिचा चेहरा उजळला आणि मग त्याचं बोट कुठं आहे ते बघून उतरला.

"अंबे," सांडू म्हणाला, "ही कोन गं शेवटची?"

"मीच, बाबा."

"काय लिवलंय?"

तिनं खाली मान घातली. काकासाहेब पुढं झाले. "प्रमोदिनी लिहिलंय, व्याही. आमच्याकडचं नाव. नाव बदललं तरी लेक तुमचीच आहे!"

"व्हय, व्हय. खरंय," सांडूनं लगेच हात जोडले. मुलीच्या बापानं व्याह्यासमोर आणखी काय करायचं? तो दोन पावलं मागं सरला. मग कुणाकडंच न बघता पुटपुटला, "मला तेवढं एकच नाव वाचता येतं, मालक. म्हनून म्हनलं."

द्वारकाबाईंनी झटकन मान वळवून अंबिकेकडं पाहिलं, आणि अंबिकेनं रडत रडत त्यांना सुट्ट्यांची सगळी हकीकत सांगितली. बाईंचा चेहरा पडला. "माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फकिराला बोलावते. खरवडून काढू." काकासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. पाहुणे यायची वेळ झालेली, आणि फलक खरवडायचा? घराण्याचं नाव लिहून खोडायचं? त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांच्या आधी, सबंध सकाळ एक शब्द न बोललेल्या अंबिकाबाई, म्हणजे अंबिकेच्या सासूबाई, बोलल्या.

"खोडू नका काही. पन त्यांना लिवू द्या बाजूला. त्यांच्या हातानं."

"अहो, फलकावर असं कुणीही..." काकासाहेब म्हणाले.

"मी सरू होते," अंबिकाबाई म्हणाल्या. "माझ्या म्हायेरी सरू म्हनायचे मला. तुमच्या आईनं अंबिका ठेवलं. माझा बाप त्यानंतर दोनदा आला, तर त्यालाबी सरू म्हनायची चोरी. हिचं नाव माझ्यापायी गेलं, आन् ते तर माझंबी नव्हतं."

काकासाहेबांना हे माहीत नव्हतं का? असणारच. पण चाळीस वर्षांत आठवलं नसावं. बाजूला होऊन त्यांनी वाट दिली.

बाईंनी पिशवीतून वह्या तपासायची लाल-निळी पेन्सिल काढली. सांडूनं निळी बाजू धरली. शेवटच्या ओळीच्या शेजारी, माझ्या चौकटीवर, रामकिसननं मोकळं सोडलेल्या लाकडावर त्यानं लिहायला घेतलं. मित्रांनो, फकिराचा ब्रश मी सहा वर्षं सोसला होता, पण हे काही वेगळंच. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की लाकडात रुतत होती. त्याचा घाम माझ्यावर पडला. तीन अक्षरांना त्यानं इतका वेळ लावला की बाहेर पाहुणे येऊन बसले आणि दगडाबाईला दोनदा जाऊन "येतायत, येतायत" सांगावं लागलं. 'बि' खरंच रेडकासारखा फुगला.

"बरुबर हाय का गं?"

"बरुबर हाय, बाबा," अंबिका म्हणाली.

मग त्यानं ते वाचलं. मोठ्यानं. एकेक अक्षर सुटं, आणि मग जोडून. दगडाबाईनं डोळ्याला पदर लावला. पुढच्या वर्षापासून बाईंनी नियमच केला, नाव रजिस्टरप्रमाणं, लग्न झालेलं असो नाहीतर नसो. त्यानंतर माझ्यावर एकही 'सौ.' चढली नाही.

अंबिका पुढं शिकली का, असं विचाराल, तर नाही शिकली. मूल झालं, मग दुसरं झालं, घर मोठं होतं. सांडू सहा-सात वर्षांत तापानं गेला. सोयगावचं घर पाडून भावकीनं नवं बांधलं. कोळशानं लिहिलेल्या भिंतीही गेल्या. त्या माणसानं सही कधी केली नाही, अंगठाच द्यायचा. म्हणजे त्यानं लिहिलेलं असं जगात काही उरलं होतं, तर ते माझ्यावर. अंबिकेला हे ठाऊक होतं. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शाळेत यायची. वाण घेऊन झालं की पाणी प्यायच्या निमित्तानं माठाशी यायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. दरवेळी आधी बोट पदराला पुसायची.

दगडाबाईनं तर त्या जागेला फडका कधी लावलाच नाही. सगळा पुसायची आणि तिथं आली की हात उचलायची. वीसेक वर्षं असंच चाललं. निवृत्त होताना तिनं नव्या शिपाईबाईला बजावलं, "तेवढं निळं सोडून पुसायचं." नव्या बाईनं माझी कटकटच संपवली. तिनं मला पुसणंच सोडून दिलं.

मग माझे दिवस फिरले. पन्नास ओळी भरल्या. द्वारकाबाई गेल्या, फकिराही गेला. शाळेची तीन मजली इमारत झाली, आणि मला जिन्याखालच्या खोलीत तुटक्या बाकांमागं उभं केलं, तेही उलटं, तोंड भिंतीकडं करून. आता मुलींच्या यशाचे फोटो मोठ्या फ्लेक्सवर छापून फाटकाला टांगतात आणि आठ दिवसांनी काढतात. मी आतून ऐकायचो. टाळ्या, बँड, पेढ्यांच्या पुड्यांची सळसळ. माझी कुणाला आठवण नव्हती. कोळ्यांनी जाळी केली, उंदरांनी मागच्या बाजूला बाळंतपणं केली. चीड यायची सुरुवातीला. मग तीही येईनाशी झाली. पण एक मात्र होतं. त्या धुळीखाली सांडूची अक्षरं जशीच्या तशी होती. कुणी हातच लावला नाही, म्हणून राहिली.

आणि दोन वर्षांपूर्वी मी सापडलो. त्या साली दहावीची एकही मुलगी नापास झाली नाही. मुली सत्कार समारंभाची तयारी करत होत्या, खुर्च्या शोधायला जिन्याखाली आल्या आणि मला सुलटा केला. केवढा आरडाओरडा! "अगं, बघ ना, ही तर आपल्या शाळेतली पहिली मुलगी!" "ही आपल्या गणिताच्या मॅडमची आई!" मला पडवी आठवली. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या ओळी मोठ्यानं वाचत होतं. त्यांनी ठरवलं, फलकावरच्या जितक्या जणी हयात असतील तितक्या समारंभाला बोलवायच्या. एकीनं वही घेतली आणि चार दिवस फोन केले. सोमवारी सकाळी तिनं ओरडून सांगितलं, "प्रमोदिनी वाघचौरे आजी येणार! पुंडलिकनगरला मुलाकडं राहतात. गुडघे दुखतात म्हणाल्या, बारा वर्षं शाळेत आल्या नाहीत, पण येणार म्हणजे येणारच म्हणाल्या!"

बुधवारी त्यांनी मला अंगणात उन्हात ठेवलं. मुलींनी किती मायेनं धुतलं मला, काय सांगू! दात घासायच्या ब्रशानं कोपरे साफ केले. सोनेरी नावं एकेक करून कापसानं पुसली. मग पॉलिशवाला आला. त्यानं चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "इथं काहीतरी निळं लागलंय, लाकडात मुरलंय."

"घासून काढा ना, काका," मुली म्हणाल्या. "एकदम नवा दिसला पाहिजे."

त्यानं पॉलिश पेपर घेतला. मला ओरडता आलं असतं तर शहर गोळा केलं असतं. आधी 'का' गेला. मग 'बि'. 'अं' दाबून लिहिलेला, त्याला जरा वेळ लागला.

समारंभाला मी हार घालून व्यासपीठाशेजारी उभा होतो. अंबिका रिक्षातून उतरली. ऐंशी ओलांडलेली, हातात काठी, डोक्याचे केस पांढरेशुभ्र. मुलींनी तिला पहिल्या रांगेत बसवायला नेलं, तर ती म्हणाली, "थांबा गं, आधी त्याला भेटू द्या." ती माझ्यासमोर आली. आपली ओळ शोधली. बोट पदराला पुसलं. आणि चौकटीवर ठेवलं.

तिनं बोट पुढं नेलं, मागं आणलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आजी, काय शोधताय?" फोन करणाऱ्या मुलीनं विचारलं.

"इथं काहीतरी लिहिलेलं होतं, बाळा."

"निळं ना? हो आजी, डाग होता तो. घासून काढला. आता बघा कसा चकाचक दिसतोय!"

अंबिका म्हणाली, "छान केलंत गं. फार छान केलंत." तिचा हात मात्र माझ्यावरून निघेना. ती मुलगी हुशार होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"काय लिहिलं होतं, आजी?"

"माझं नाव."

"मग तुम्ही परत लिहा ना! हे घ्या पेन. आत्ता लिहा."

"मला लिहायला येतं गं," अंबिका म्हणाली. "ते माझ्या बाबांनी लिहिलं होतं. त्यांना तेवढंच येत होतं."

त्यांनी माईकवरून 'श्रीमती प्रमोदिनी सदाशिव वाघचौरे' असं पुकारलं. टाळ्या झाल्या. ती काठी टेकत वर गेली, शाल घेतली, मुलींना आशीर्वाद दिले आणि परत गेली. त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, मला पुन्हा दर्शनी भागात टांगलंय. येणारे-जाणारे म्हणतात, किती नीट राखलाय फलक! आणि मुलींनो, तुमच्यावर माझा राग नाही. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. जुन्या वस्तू स्वच्छ ठेवा हे तुम्हाला सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. दमलेल्या लाकडाचं एवढंच मागणं आहे, की पुसायच्या आधी कुणाला तरी विचारत जा. माझ्या वेळी विचारायला माणूस होतं. तिचा फोन नंबर वहीत लिहिलेला होता, आणि सोमवारीच तुम्ही तिच्याशी बोलला होतात.